दुधी काच

समोरच्या खिडकीच्या कठड्यावर ब्रशांचा डबा ठेवून झाल्यावर संघमित्रानं तो माउसनं जरा डावीकडं सरकवला. अजित तो तिथंच ठेवायचा, डावीकडं, चौकटीला टेकवून. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर डबा म्हणजे नुसतं एक राखाडी नळकांडं होतं. तरी तो जागेवर गेल्यावर तिला बरं वाटलं.

शेजारच्या टेबलावरून सुशांतनं मान लांब केली. तो ऑफिसात नवीन होता आणि प्रश्न विचारायला अजून घाबरत नव्हता.

"मॅडम, हा डबा कशाला? एवढ्याशानं उजेडात काय फरक पडणार?"

"असू दे."

बरोबरच होतं त्याचं. इमारतीत दिवसाचा उजेड किती येईल याचा हिशेब करताना कोणी डबे मांडत बसत नाही. भिंती, छत, जमीन, खिडकी आणि समोर काय उभं आहे, एवढं सॉफ्टवेअरला पुरतं. माणसं तर त्यात नसतातच. पण या एका घराच्या बाबतीत संघमित्राचा हात थांबत नव्हता. ओट्यामागच्या टाइल्स तिनं लावल्या, त्यांच्या वर अजितनं स्वतः रंगवलेला पिवळा पट्टा ओढला, मागच्या भिंतीपाशी त्याचं उतरतं टेबल ठेवलं. मापं घ्यायला ती त्या घरात गेली नव्हती. नव्या इमारतीत राहायला आल्यापासून एकदाही गेली नव्हती. आपल्या खिडकीतून बघून बघूनच तिला ते घर पाठ झालं होतं.

अजित तिचा थोरला भाऊ. करी रोडच्या जुन्या चाळीत दोघांच्या खोल्या गॅलरीत समोरासमोर होत्या, एक आईच्या नावावर आणि एक त्याच्या. चाळ पाडून तिथं दोन विंगांची उंच इमारत झाली. घरं लॉटरीनं वाटली, त्यात आईच्या खोलीच्या बदल्यात संघमित्राला बी विंगेत चौथा मजला लागला आणि अजितला ए विंगेत चौथाच, नेमका समोरचा. एकमेकांचं तोंड न बघण्याचं ठरवलेल्या भावंडांना याहून चांगली जागा मुद्दाम शोधूनही सापडली नसती. दोन विंगांच्या मधे पंधराएक फुटांची फट होती. नकाशावर तिचं नाव 'ओपन टू स्काय' असं होतं. चौथ्या मजल्यावरून ते आकाश बघायचं तर मान मोडायची पाळी यायची.

अबोला आईवरून धरला होता. आई आजारी पडली तेव्हा संघमित्रा कामासाठी बंगळुरूला होती. "तिला कशाला घाबरवतोस, येईल ती काम संपवून," असं आईनंच बजावलं आणि अजितनं ते ऐकलं. त्यानं फोन केला तो आई गेल्यावर. विमान मिळून ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी निघून गेल्यावर, भरल्या घरात ती म्हणाली, "आजपासून मला भाऊ नाही." अजितनं खाली घातलेली मान वर केली नाही. त्याला चार वर्षं होत आली होती.

आता दोघंही एकटीच होती. सीमावहिनी आईच्याही आधी गेली, त्यांची मुलगी लग्न होऊन नागपूरला. संघमित्रानं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही ते विचारणारेही आताशा थकले होते. अजित नावाच्या पाट्या रंगवायचा. हल्ली पाट्या मशीन कापतं, पण वकील, जुने डॉक्टर आणि जयंतीचे मंडपवाले अजून त्याच्याकडंच येत. संध्याकाळी ऑफिसातून आली की संघमित्रा ओट्यापाशी उभी राहायची आणि तो समोर दिसायचा. एक अक्षर काढायचा, मग मागं सरून, एक डोळा मिटून त्याच्याकडं बघायचा. चहाचा कप रंगाच्या डब्यांत ठेवायचा आणि मग सगळीकडं शोधायचा. त्यानं ताट वाढून घेतलं की तीही वाढून घ्यायची. दोघं एका वेळी जेवत. तो कधी या बाजूला बघत नसे, निदान ती बघत असताना तरी. तिला तेवढं पुरत होतं. पुरत होतं म्हणजे काय, तेवढंच तिच्याकडं होतं.

आणि आता तिथं दुधी काच बसणार होती.

विषय निघाला बायकांच्या तक्रारीवरून. मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये अंबिका परबांनी तिलाच धरलं होतं. परबीण बाई जुन्या चाळीतल्या, मालवणकडच्या, पोटात काही ठेवायचं त्यांना माहीत नव्हतं.

"गो बाय, काय सांगू तुका! ह्यांनी लुंगी बदलली तरी समोरच्यांका दिसता. पडदो लावलो तर फोडणीच्या वाफेन मेणचट होता. काच दुधी करूक व्हयी, दुसरो उपाय नाय."

सोसायटीचा सेक्रेटरी विकास तांबे दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात हजर झाला.

"ताई, बायका दुधी काच पायजे बोलतात आणि म्हातारे बोंबलतायत, घरात काळोख होईल म्हणून. तुमची तर हीच लाइन आहे ना? कॉम्प्युटरवर काय ते काढून द्या. आधी असं, नंतर असं. तुम्ही सांगितलं की विषय कट. घरचंच काम आहे."

घरचं काम नाही म्हणता येत नाही. ती हो म्हणाली आणि दार लावल्यावर बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली.

या कामात उजेडाचा माग उलटा काढतात. सॉफ्टवेअर सूर्यापासून सुरुवात करत बसत नाही, कारण सूर्याचे बहुतेक किरण या खोलीकडं फिरकतही नाहीत. ते खोलीतला एक ठिपका धरतं, टेबलावरचा म्हणा, आणि तिथून हजारो किरण बाहेर सोडतं. कुठला भिंतीवर आपटतो, कुठला खिडकीतून निसटतो, निसटलेल्यांतला कुठला शेवटी आकाशाला जाऊन पोचतो, ते बघत राहतं. साधी काच असली तर किरण आल्या वाटेनं सरळ पुढं जातो. मग समोरची खिडकी, तिच्यामागचा ओटा, डबा, सगळं त्याला भेटतं.

दुधी काचेचं तसं नाही. किरण काचेपाशी आला की सॉफ्टवेअर चिठ्ठी टाकतं, आता कुठं जायचं म्हणून. कुठल्या दिशेची चिठ्ठी किती वेळा निघावी हे प्रयोगशाळेत त्या काचेचं मोजमाप घेऊन आधीच ठरवलेलं असतं. खिडकीबाहेरचं जग शे-दीडशे तुकड्यांत वाटून टाकायचं आणि या तुकड्यातून आलेला उजेड आत कुठल्या कुठल्या तुकड्यांत किती पसरला, तेवढं मांडायचं. उजेडाचा हिशेब चोख लागतो. पण एका तुकड्यात काय काय होतं ते त्यात उरत नाही. खिडकी होती की भिंत होती, माणूस बसला होता की खुर्ची रिकामी होती, सगळ्यांचा मिळून एकच आकडा. संघमित्रा हे काम वीस वर्षं करत होती आणि यात काही चूक आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

उत्तर तिला आवडलं नाही. तिला खात्री होती की अंधार होईल. उलट झालं. त्या फटीत उजेड यायचा तो वरून, विहिरीत यावा तसा, आणि साध्या काचेतून सरळ ओट्यापाशी जमिनीवर पडून संपायचा. दुधी काचेनं त्याला पसरवला. थोडा छतावर गेला, थोडा मागच्या भिंतीवर. खिडकीपाशी उजेड कमी झाला पण मागं, अजितच्या टेबलापाशी, चक्क वाढला. स्क्रीनवरचं टेबल आधी कमी उजेडाचं निळं होतं ते हिरवं झालं. खिडकीच्या जागी एक पांढरा चौकोन दिसत होता, त्याच्यामागं काहीच नव्हतं.

तिनं सुशांत जेवायला गेल्याचं बघून घेतलं. मग काचेच्या माहितीत जाऊन एक आकडा खाली ओढला. काचेतून एकूण उजेड किती आत येतो त्याचा आकडा. अगदीच गाढवपणा नव्हता तो, इतकी वाईट काचही बाजारात मिळते. हिशेब पुन्हा लावला. टेबल निळं झालं, मागची भिंत जवळजवळ काळी. हे चित्र बघून एकही म्हातारा दुधी काचेला हात वर करणार नव्हता. तिनं त्याच्याच रंगीत प्रती काढल्या आणि पिशवीत घातल्या. खोटं काम तिनं आजवर केलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. हायसं वाटलं.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधोमध एक टेबल, माईक होता पण तो फक्त शिट्ट्या घालत होता. अजित शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसला होता. तो सभांना येत नसे. आज आला होता.

म्हाताऱ्यांचं बोलून झालं, परबीण बाईंचं दोनदा बोलून झालं. विकासनं संघमित्राला पुढं बोलावलं. ती पिशवीत हात घालणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"विकास, इंजिनियर बाईंना जरा विचार."

पार्किंगमधल्या माना मागं वळल्या. सगळी चाळीचीच माणसं होती, सगळ्यांना सगळं माहीत होतं. करी रोडला अबोल्याचेही नियम असत. ज्याच्याशी अबोला त्याच्याशी बोलायचं नाही, पण त्याला ऐकू जाईल असं तिसऱ्याशी बोलायला हरकत नसे. जुन्या नळावर सासवा-सुना अख्खं भांडण बादलीशी बोलून पार पाडत. पण या दोघांनी चार वर्षांत तेवढीही वाट वापरली नव्हती.

"त्यांना विचार," अजित म्हणाला, "ती काच बसल्यावर मागच्या भिंतीपाशी उजेड पोचेल का? मला कामाला लागतो."

विकास संघमित्रापासून दोन हातांवर उभा होता. तरी त्यानं मान वळवून रीतसर विचारलं, "ताई, मागच्या भिंतीपाशी उजेड पोचेल का, असं विचारतायत."

संघमित्राचा हात पिशवीतच राहिला. कागद बोटांना लागत होते. चार वर्षांनी त्यानं आपल्याला काहीतरी विचारलं होतं, आणि विचारलं ते तिच्या कामातलं. बाकी कुठलाही प्रश्न असता तर तिनं खोटं सांगितलं असतं. या प्रश्नाला ते जमेना.

"त्यांना सांग, पोचेल," ती विकासला म्हणाली. "आत्तापेक्षा थोडा जास्तच पोचेल. आत्ता येतो तो सगळा ओट्यापाशी पडतो. दुधी काच त्याला पसरवेल. टेबलावर सावलीही कमी पडेल."

"पोचेल म्हणतायत," विकास मागं बघून म्हणाला.

"ऐकलं," अजित म्हणाला. "बसवा मग."

त्यानं हात वर केला. त्याचा वर झालेला बघून बाकीचेही झाले. तो तरी नको म्हणेल, असं तिला कुठंतरी वाटत होतं. कागद तिनं घरी येऊन बारीक फाडले आणि ओल्या कचऱ्यात टाकले.

आठवड्याभरात काचवाले आले. स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची मोठी काच पक्की बसवलेली होती, उघडायची ती फक्त वरची झडप. माणसांनी जुनी काच काढली, नवी लावली, कडांना सिलिकॉन ओढलं आणि "दोन दिवस हात लावू नका" सांगून पुढच्या घरी गेले. घरात खरंच उजेड झाला. फ्रिजमागची भिंत तिनं इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती. परबीण बाई मुद्दाम तिच्या दारात येऊन सांगून गेल्या, "बरा झाला गो! आता कसा घर घरासारखा वाटता."

संघमित्रानं त्या दिवशी ताट वाढून घेतलं आणि सवयीनं ओट्यापाशी उभी राहिली. समोर नुसती पांढरी काच. तो जेवायला बसला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ती ताट घेऊन बाहेर गेली, टीव्ही लावला, बंद केला. मग पलंगाच्या कडेवर बसून जेवली. तिला फार एकटं वाटलं. एकटं राहायची सवय आहे असं ती सगळ्यांना सांगायची आणि तिचा त्यावर विश्वासही होता. आता कळलं की ती इतके दिवस एकटी राहतच नव्हती. शिंक आली तरी समोरच्याला दिसेल म्हणून ती तोंडावर हात धरायची. आता हात धरायचंही काही कारण नव्हतं.

काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की काच अगदीच मुकी नाही. समोर ट्यूब लागली की काचेचा मधला भाग बाकीच्यापेक्षा उजळ दिसे. कडा नाहीत, आकार नाही, दुधात साखर विरघळावी तसा तो उजेड काचेत विरलेला असे. पण असे. तेवढ्यावर तिनं पुन्हा ओट्यापाशी जेवायला सुरुवात केली.

गुरुवारी सकाळी ती डबा भरत होती तेव्हा तो उजेड होता. संध्याकाळी आली तेव्हाही होता. रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा होता आणि शुक्रवारी ऑफिसला जाताना होता. अजित विजेच्या बाबतीत चिकट माणूस. आई चिडवायची त्याला, हा देवाघरीसुद्धा जाताना आधी मेन स्विच बंद करील म्हणून. शुक्रवारी रात्रीही उजेड तसाच, हलला नाही की विझला नाही. शनिवारी पहाटे तिला जाग आली ती त्याच विचारानं. साखरेचं दुखणं असलेला माणूस. ओट्यापाशी पडला असेल आणि ट्यूब जळत राहिली असेल. पूर्वीची काच असती तर नुसतं वळून बघितलं असतं.

तिनं फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एका बाईनं गोड आवाजात सांगितलं. त्यानं नंबर कधीतरी बदलला असणार, तिला कोण कळवणार?

ती घरातल्याच कपड्यांत, केस नुसते गुंडाळून खाली उतरली. दोन विंगांच्या मधली ती फट वरून पंधरा फूट होती, पण पायी जायचं तर खाली उतरून, पार्किंग ओलांडून, पलीकडं चढायचं. ए विंगेचा वॉचमन नवीन होता.

"किसके यहाँ जाना है, मॅडम?"

"भाई के यहाँ," ती म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढू लागली.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग पंजानं दार बडवलं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि अजितनं दार उघडलं. अंगात बनियन, अंगठ्याला निळा रंग, धडधाकट. तिला इतकं हायसं वाटलं की त्याचा रागच आला.

"काय गं? काय झालं?"

"तुझा लाइट जळतोय. परवापासून. दिवसरात्र."

"हां."

"हां काय, दादा? मला वाटलं, पडलाबिडलास कुठं."

दादा म्हटल्याचं तिच्या लक्षात यायच्या आधी त्याच्या लक्षात आलं. तो दारातून बाजूला झाला. अंगठ्याचा रंग चिंधीनं पुसत राहिला, तो काही जाईना.

"मुद्दाम ठेवलाय," तो म्हणाला.

"कशाला?"

"काचेतून माणूस काय दिसत नाय. म्हटलं, उजेड तरी दिसेल. बंद असला तर तुला वाटायचं, गेला हा कुठंतरी."

ती त्याच्या बाजूनं आत गेली, स्वयंपाकघरापर्यंत. मागच्या भिंतीपाशी उतरतं टेबल होतं, त्यावर अर्धी रंगवलेली पाटी. डबा होता, डावीकडं. आणि खिडकीत पांढरी काच. या बाजूनं बघताना आपलं घर नेमकं कुठं असेल, तेही तिला सांगता आलं नसतं.

"मग बसवा का म्हणालास?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"तू सांगितलंस ना, चांगला उजेड येईल म्हणून." चिंधी खाली ठेवून तो म्हणाला, "मला वाटलं, तुला नको झालंय समोर सारखं माझं तोंड."

संघमित्रा टेबलापाशीच्या स्टुलावर बसली. तिनं पदर नसताना पदर शोधला आणि मग हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. अजितनं ते पाहिलं, पाहिलं नाही असं केलं आणि चहाचं पातेलं शोधायला लागला. पातेलं रंगाच्या डब्यांतच होतं. ते विसळून त्यात पाणी घेताना त्याची नजर वर ट्यूबकडं गेली.

"संघू, तू बसतेयस ना जरा?"

"बसतेय."

"मग हा कशाला उगीच जाळायचा," तो म्हणाला, आणि ओला हात बनियनला पुसून त्यानं बटण बंद केलं.